मानसिक आरोग्य संशोधनातली सुरुवातीची वर्षं: गोव्यातल्या नवोदितांसाठी

मानसशास्त्रात एमए झालं किंवा एमएसडब्ल्यू झालं, पर्वरी-बांबोळीकडे एखाद्या प्रकल्पात संशोधन साहाय्यक म्हणून काम मिळालं, वर्षभराचा करार हातात पडला. इथवरचा रस्ता कसाबसा सापडतो. त्यानंतरचा कुणी दाखवत नाही. मुलाखती होतात, फॉर्म भरले जातात, प्रकल्प संपतो आणि बायोडेटात एकच ओळ वाढते: 'माहिती संकलन'. दोन-तीन प्रकल्प असे गेले की हुशार, कामसू मुलंमुली हे क्षेत्र सोडून शाळेत समुपदेशक होतात, बँकेच्या परीक्षा देतात किंवा परदेशाची वाट धरतात. ही गळती माझ्या मनाला फार लागते. गोव्याच्या गावागावांत बसून ज्यांनी माणसांचं दुःख ऐकलंय, त्यांच्याकडेच पुढच्या संशोधनाचे खरे प्रश्न असतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्युमन बिहेव्हियरमध्ये एमडी करणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठीही आहे, आणि आरोग्य केंद्रात काम करताना 'हे असं का होतं?' असा प्रश्न पडलेल्या समुपदेशकांसाठीही.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी, कारण पुढची सगळी पद्धत तिच्यातूनच आली आहे. १९९६ साली गोव्यात 'संगथ' ही संस्था सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मानस' नावाची चाचणी, म्हणजे उपचाराचा फायदा होतो का हे तपासणारा अभ्यास, केली. २४ ठिकाणी, म्हणजे १२ सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि १२ खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांबरोबर काम केलं. २०१० साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी स्पष्ट फायदा दिसला, खासगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. पुढे १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम'ची चाचणी झाली. त्यात नैराश्याची तीव्रता जास्त असलेल्या ४९५ जणांना घेतलं होतं आणि ठरावीक सहा ते आठ बैठकांचा हा उपचार साध्या समुपदेशकांनीच दिला.

या कामाच्या पोटात एक गोष्ट आहे, जी बातम्यांत फारशी आली नाही. त्या समुपदेशकांची गुणवत्ता कशी राखली? ते गटात बसत, एकमेकांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकत आणि एका ठरलेल्या तक्त्यावर गुण देत. सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळतात, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या अभ्यासात दिसलं. मला वाटतं, संशोधक घडवण्याची रीतही हीच असायला हवी. एका थोर गुरूची वाट पाहत बसण्यापेक्षा खरं काम बरोबरीच्यांसमोर ठेवणं, ते नियमानं तपासून घेणं आणि मधूनमधून जाणकाराला बोलावणं यातून माणूस जास्त शिकतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

पहिली पायरी: एक पान लिहा

कागदाचे दोन भाग करा. डावीकडे पाच कामं लिहा: मुलाखत घेणं, आकडेवारी हाताळणं, गुणात्मक माहितीचं (म्हणजे लोक मुलाखतीत जे बोलले त्याचं) विश्लेषण, लेखन, आणि माणसं व वेळापत्रक सांभाळणं. उजवीकडे प्रत्येकापुढे पुरावा लिहा. 'मुलाखत चांगली घेता येते' हा पुरावा होत नाही. 'वरिष्ठांनी माझ्या तीन मुलाखती ऐकल्या आणि होकार-नकाराच्या प्रश्नांवर मी फार विसंबते असं सांगितलं' हा पुरावा. उजवीकडची बाजू बरीच रिकामी राहील. ते ठीक आहे, निदान आपण कुठे उभे आहोत ते कळलं.

मग वर्षभरासाठी यातली फक्त दोन कामं निवडा आणि त्यांचं ध्येय असं लिहा की वर्षाअखेरी दुसऱ्या कुणालाही ते झालं की नाही हे तपासता यावं. 'स्टॅटिस्टिक्स सुधारायचंय' असं नको. 'आर ही आकडेवारीची संगणक प्रणाली वापरून स्वतःच्या प्रकल्पाचा पहिला तक्ता, म्हणजे सहभागी लोकांची वयं, शिक्षण, व्यवसाय, कुणाच्या मदतीशिवाय करायचा' असं लिहा. आर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. गुणात्मक कामाकडे कल असेल तर पाच मुलाखतींना स्वतः संकेत द्या, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना विषयवार खुणा करा, आणि त्याच मुलाखतींना सहकाऱ्यानं दिलेल्या संकेतांशी ताडून पाहा. हे पान दर सहा महिन्यांनी नव्यानं लिहायचं, जुनं फेकायचं नाही.

दुसरी पायरी: फील्डवरचे महिने वापरा

पुष्कळांना फील्ड म्हणजे ऑफिसात बसण्याआधी भोगायची शिक्षा वाटते. माझं मत याच्या उलट आहे. सुरुवातीच्या संशोधकाकडे ज्येष्ठांपेक्षा जास्त असं एकच भांडवल असतं, ते म्हणजे लोकांशी थेट बोलणं. पाच वर्षांनी तुम्ही समन्वयक झालात की ते हातातून जातं.

काही गोष्टी इथल्या इथेच शिकाव्या लागतात. दुपारी एक ते चार या वेळेत कुणाच्या दारात जाऊ नका, जेवून लोक आडवे झालेले असतात. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस आणि चवथ हे मुलाखतीच्या वेळापत्रकातून काढूनच टाका. सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांत कोंकणी वाचता येते ती रोमी लिपीत, म्हणून संमतीपत्र केवळ देवनागरीत छापून भागत नाही. झुआरीनगर, बायणा भागात कन्नड किंवा हिंदी बोलणारं माणूस सोबत लागतं. आणि एकांत! पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासणारी नऊ प्रश्नांची यादी बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या जागेत, विचारली तर शेजारीण येऊन बसते, ती उत्तरंही देते. वाक्य कसं टाकायचं ते आधीच ठरवा: "मावशी, हे प्रश्न एकेकालाच विचारायचे असतात, तुमच्याशी नंतर बोलते." बाहेर जागा नसेल तर प्रश्न हळू वाचा आणि उत्तरांचे पर्याय लिहिलेलं कार्ड समोर धरा. माणूस बोट ठेवतो, बोलावं लागत नाही.

पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. पहिल्या मुलाखतीला जाण्याआधी तो प्रश्न मोठ्यानं विचारण्याचा सराव करा, कारण घाईत उरकला तर समोरचा 'नाही' म्हणूनच मोकळा होतो. 'हो' आलं तर पुढे काय करायचं हे प्रकल्पाच्या नियमावलीत लेखी असलं पाहिजे: कुणाला फोन करायचा, त्या माणसाला एकटं न सोडता किती वेळ थांबायचं, कुठल्या दवाखान्यात कुणाकडे पाठवायचं. असं काही लिहिलेलं नसेल तर काम सुरू करण्याआधी मागा. नवी आहे, विचारू कसं, असा संकोच इथे करू नका. फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. तो क्रमांक प्रत्येक सहभागी व्यक्तीला लिहून द्यायला काहीच हरकत नसते.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीवर संशोधन करताना तिची मोकळी, समजून दिलेली संमती घेणं हे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७च्या कलम ९९ खाली बंधनकारक आहे. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वंही एकदा पूर्ण वाचा. लांबलचक आहेत, पण संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिमत्ता समितीपुढे उभं राहायची भीती त्यानं निम्मी कमी होते.

प्रत्येक मुलाखतीनंतर तीन ओळी लिहायची सवय लावा. जागा कशी होती, सोबत कोण होतं, कुठल्या प्रश्नाला माणूस अडखळला. नावं नाहीत, घर ओळखू येईल असं काही नाही. 'न्हीद पडना', 'काळीज धडधडटा', 'माथें जड जालां' असं लोक जे बोलतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. छापील प्रश्नावलीत न बसणारी ही माहिती पुढे तुमच्या पहिल्या लेखाचा गाभा होऊ शकते.

आणि एक मनापासूनची गोष्ट. दिवसाला चार-पाच दुःखं ऐकून रात्री झोप उडते. दारू, मारहाण, मुलाची आत्महत्या हे सगळं कानावर पडतं आणि घरी कुणाला सांगता येत नाही, कारण गोपनीयता पाळायची असते. आठवड्यातून एकदा, कामाच्या वेळेत, पर्यवेक्षकाबरोबर याच गोष्टींवर बोलायला बैठक हवी. ती नोकरीचा भाग आहे, सवलत नाही. नोकरीच्या मुलाखतीलाच विचारून घ्या: "फील्डवरच्या लोकांसाठी अशी बैठक होते का?" उत्तरावरून संस्था कळते.

तिसरी पायरी: प्रश्न लहान करा

'गोव्यातल्या वृद्धांचं नैराश्य' हा विषय झाला, प्रश्न नाही. त्याला कापत कापत खाली आणा: बार्देश तालुक्यात एकट्या राहणाऱ्या, मुलं परदेशी गेलेल्या, साठीवरच्या स्त्रिया उदास वाटायला लागलं की आधी कुणाकडे जातात? हा प्रश्न एका माणसाला वर्षभरात पेलतो. वृद्धांतलं नैराश्य टाळता येतं का हे पाहणारी एक चाचणी गोव्यात झाली होती. तिच्यात १८१ लोक होते आणि २०१९ साली ती 'जामा सायकियाट्री'त आली. म्हणजे वाचायला आधार आहे आणि पुढे विचारायला जागाही उरली आहे.

खाण पट्ट्याचंही तसंच. २०१२ला आणि पुन्हा २०१८ला खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सांगे, सत्तरीत ट्रक घेतलेल्या कुटुंबांवर कर्जाचा डोंगर आला. त्या घरांत दारूचं काय झालं, नवरा-बायकोत काय बदललं, मुलींचं शिक्षण थांबलं का? मी हे प्रश्न मांडते आहे ते कुणीतरी उचलावेत म्हणून.

प्रश्न ठरवताना स्वतःला विचारा: उत्तर मिळालं तर ते कोण वापरणार? आरोग्य केंद्रातले डॉक्टर, पंचायत, शाळा, की कुणीच नाही? मग विचारा: ही माहिती आधीच कुठल्या प्रकल्पात गोळा झाली आहे का? गोव्यातल्या जुन्या अभ्यासांत न वापरलेली आकडेवारी बरीच असते. परवानगी घेऊन तिच्यावर काम करणं हा नवोदितासाठी सर्वांत स्वस्त आणि वेगवान मार्ग आहे. नव्या मुलाखतींचा खर्च नाही, नीतिमत्ता समितीची प्रक्रिया सहसा हलकी. चाचणी असेल तर मात्र पहिला माणूस घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत, नोंदणी झालीच पाहिजे, १ एप्रिल २०१८पासून मागाहून नोंदणी होत नाही.

वाचनासाठी पैसे नसतात हा अडथळा आता थोडा कमी झालाय. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे २०२५पासून सरकारी विद्यापीठं आणि महाविद्यालयांना हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. स्वयंसेवी संस्थेत असाल तर ही सोय थेट मिळत नाही. सरकारी महाविद्यालयातल्या मित्राबरोबर मिळून वाचनगट करा, आणि लेखाच्या मुख्य लेखकाला साधा ईमेल पाठवा. बहुतेकजण आनंदानं प्रत पाठवतात.

चौथी पायरी: मार्गदर्शक एक नको

आपल्याकडे 'सर आहेत' किंवा 'मॅडम बघतील' म्हणून सगळा भार एकाच माणसावर टाकायची सवय आहे. प्रकल्पप्रमुख तुमच्या पगाराचा, रजेचा आणि शिफारसपत्राचा मालक असतो. त्याला 'मला ही नोकरी सोडावीशी वाटते' हे कसं सांगणार? म्हणून निदान चार वेगवेगळी माणसं जोडा. एक, तुमचे प्रकल्पप्रमुख किंवा पीएचडीचे गाईड. दोन, पद्धतीचा जाणकार. हा संख्याशास्त्राचा प्राध्यापक असू शकतो, मानसिक आरोग्याशी त्याचा संबंध नसला तरी चालतो. तीन, रोज रुग्ण बघणारं कुणी, म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा आरोग्य केंद्रातली अनुभवी नर्स. चार, तुमच्या संस्थेबाहेरचा असा माणूस ज्याला तुमच्या यशापयशानं काही फरक पडत नाही. मला पाचवंही सुचवावंसं वाटतं: ज्यानं स्वतः मानसिक आजार भोगलाय किंवा घरात सांभाळलाय, आणि त्यावर बोलायला जो राजी आहे. 'हा प्रश्न असा विचारलात तर मला अपमान वाटेल' हे तोच सांगू शकतो. त्याच्या वेळेचं मानधन प्रकल्पातून द्या.

अनोळखी ज्येष्ठांना लिहायचं कसं यावर तरुण मुलं फार अडतात. 'कृपया मला मार्गदर्शन करा' या वाक्याचं उत्तर देणं कुणालाही अवघड जातं, कारण त्यात नक्की काय हवंय ते कळत नाही. असं लिहून पाहा:

"नमस्कार मॅडम. मी एका प्रकल्पात संशोधन साहाय्यक आहे, हळदोण्याच्या आरोग्य केंद्रात मुलाखती घेते. दारू सोडण्यासाठी आलेले पुरुष दुसऱ्या बैठकीला का येत नाहीत, यावर एक पानी टिपण लिहिलं आहे, सोबत जोडते. किती आणि कुठल्या लोकांना घ्यावं याची मला खात्री वाटत नाही. त्यावर तुमचा अर्धा तास मिळाला तर फार मदत होईल. या किंवा पुढच्या आठवड्यात, तुमच्या सोयीनं, फोनवरही चालेल. वेळ नसेल तर कुणाला विचारावं एवढं कळवलंत तरी पुरे."

काम, अडचण, मागितलेला वेळ आणि नाही म्हणायची मोकळीक, चारही यात आहेत. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

पहिल्या भेटीत पुढचं ठरवून टाका: किती दिवसांनी भेटायचं, किती वेळ, व्हॉट्सॲपवर विचारलेलं चालेल की ईमेलच, आणि इथे बोललेलं कुणाला सांगायचं नाही हे. सहा महिन्यांनी दोघांनी पाहायचं, पुढे चालू ठेवायचं का. हे ठरलं की न भेटण्याची टाळाटाळ आणि त्यामागचा रुसवा दोन्ही टळतात.

प्रत्येक भेटीच्या दोन दिवस आधी अर्ध पान पाठवा: काय झालं, कुठे अडलं, आज कुठला निर्णय हवा. भेटीनंतर त्याच दिवशी काय ठरलं ते तीन ओळींत कळवा. हे दोन नियम पाळणाऱ्या तरुणांना ज्येष्ठ पुन्हा पुन्हा वेळ देतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

असहमती कशी दाखवायची? आपल्याकडे मोठ्यांना उलटून बोलणं जड जातं आणि त्यात गैर काही नाही. मतापेक्षा माहिती पुढे करा: "सर, बायका आणि पुरुष वेगळे काढले तर मला आकडे असे दिसतात. माझं कुठे चुकतंय का, पाहाल?" मान राहतो आणि मुद्दाही टेबलावर येतो.

काही नाती मात्र दुरुस्त होत नाहीत. तुमचं काम स्वतःच्या नावानं मांडणारा, रात्री-बेरात्री वैयक्तिक संदेश पाठवणारा, बाहेरच्या कुणाशी बोललात तर चिडणारा मार्गदर्शक हा मार्गदर्शक नाही. लैंगिक छळाची तक्रार २०१३च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे करता येते. दहापेक्षा कमी माणसांची संस्था असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. तारखा आणि संदेश जपून ठेवा आणि त्या चौथ्या, बाहेरच्या माणसाला आधी सांगा. तो याच दिवसासाठी असतो.

पाचवी पायरी: बरोबरीच्यांचा गट

या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी, म्हणून सविस्तर.

चार ते सहा जण घ्या. एकाच संस्थेचे नकोत: बांबोळीचा एखादा निवासी डॉक्टर, एखादी पीएचडी करणारी, एखादा समाजकार्यकर्ता, फील्डवरची एखादी. दर पंधरवड्याला दीड तास. पणजीला भेटणं मडगाव आणि म्हापसा दोन्हीकडच्यांना सोयीचं पडतं, पावसाळ्यात ऑनलाइन करा. मात्र महिन्यातून एकदा तरी समोरासमोर बसाच. चुका दाखवणं फोनवर कोरडं लागतं.

प्रत्येक वेळी एकाचीच पाळी. त्यानं खरं काम आणायचं: मसुद्याची दोन पानं, एक तक्ता, मुलाखतीची प्रश्नावली, किंवा सरावासाठी दोघा सहकाऱ्यांनी आपापसात केलेल्या मुलाखतीचं ध्वनिमुद्रण. खऱ्या सहभागी माणसाचं ध्वनिमुद्रण गटात वाजवायचं असेल तर संमतीपत्रात आणि नीतिमत्ता समितीच्या मंजुरीत तशी तरतूद हवी, ती नसेल तर अजिबात नाही.

काम ऐकलं-वाचलं की पहिली दहा मिनिटं कुणीच बोलायचं नाही. प्रत्येकानं तक्त्यावर गुण लिहायचे. मुलाखतीसाठी तक्ता साधा ठेवा, चारपैकी गुण: संमती नीट समजावली का, उघडे (नुसत्या हो-नाहीत न संपणारे) प्रश्न विचारले का, शांतता सहन केली का, दुःख आलं तेव्हा काय केलं, शेवट कसा केला. लेखनासाठी: प्रश्न पहिल्या पानावर दिसतो का, पद्धत वाचून दुसरा कुणी तसंच करू शकेल का, निष्कर्ष आकड्यांच्या पलीकडे गेलाय का. बोलण्याआधी लिहायचं, कारण ज्येष्ठ किंवा बोलका माणूस पहिला बोलला की बाकीचे त्याचीच री ओढतात.

मग गुण उघडा. जिथे सगळ्यांचे सारखे, तिथे थांबू नका. जिथे एकानं एक आणि दुसऱ्यानं चार दिले, तिथेच सगळा वेळ द्या. कशामुळे एक दिला, कुठलं वाक्य ऐकून? या फरकांतूनच गटाची नजर तयार होते. काम आणणाऱ्यानं शेवटची पाच मिनिटं बोलायचं, तेही स्वतःचा बचाव करायला नव्हे, पुढच्या पंधरवड्यात काय बदलणार हे सांगायला.

दोन-तीन महिन्यांतून एकदा एखाद्या तज्ज्ञाला बोलवा आणि त्यालाही आधी गुण लिहायला लावा. तुमचे आणि त्याचे गुण कुठे जमत नाहीत ते पाहा. तुम्ही सगळे मैत्रीपोटी सैल गुण देत असाल तर ते इथे उघडं पडतं. असा गट पहिल्या दोन महिन्यांत मोडायची शक्यता असते, म्हणून पाळ्यांचं वेळापत्रक सुरुवातीलाच लिहून सगळ्यांना द्या. दोनदा लागोपाठ न आलेल्याला एकानं फोन करायचा. कारण विचारायला, जाब विचारायला नाही.

सहावी पायरी: लेखकांत नाव

याबद्दल बोलणं लोक शेवटपर्यंत टाळतात आणि मग मनं दुखावतात. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: आराखड्यात, माहिती मिळवण्यात किंवा विश्लेषणात मोलाचा वाटा, मसुदा लिहिणं किंवा गांभीर्यानं तपासणं, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी. चारही हवेत. निव्वळ मुलाखती घेतल्यानं लेखक होता येत नाही, पण मुलाखती घेणाऱ्याला मसुद्यात सहभागी व्हायची संधी देणं हे मोठ्यांचं काम आहे. ती मिळत नसेल तर प्रकल्पाच्या सुरुवातीलाच मागा: "माहिती गोळा झाल्यावर पद्धतीचा भाग लिहायला मला द्याल का?" ठरलेलं ईमेलवर ठेवा. ऑर्किड (ORCID) क्रमांक, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढायला दोन मिनिटं लागतात, आजच काढा.

पैसे घेऊन आठवड्यात लेख छापू असं सांगणारी नियतकालिकं टाळा. तिथे छापलेला लेख पुढच्या नोकरीच्या मुलाखतीत तुमच्याविरुद्धच बोलतो.

आणि जिथून माहिती घेतली तिथे परत जा. आरोग्य केंद्रातल्या नर्सना, आशाताईंना, पंचायतीला दोन पानांत, कोंकणी-मराठीत, काय सापडलं ते सांगा. हे लेखनाचं सर्वांत कठीण शिक्षण आहे, कारण तिथे अवघड शब्दांच्या आड लपता येत नाही.

सातवी पायरी: करार संपायच्या आधी

करार संपायच्या सहा महिने आधी प्रकल्पप्रमुखांना सरळ विचारा की पुढचा निधी आहे का. ते विचारणं उद्धटपणा नाही. त्याच सुमारास अर्ज सुरू करा. मानसशास्त्र किंवा समाजकार्यात यूजीसी-नेट दिली आणि जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएचडीसाठी महिना ३७,००० रुपये मिळतात, वयाची अट साधारण ३० आहे. आयसीएमआरच्याही फेलोशिप आहेत, आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची छोटी संशोधन शिष्यवृत्ती आहे. समाजशास्त्रीय अंगानं काम करणाऱ्यांना आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद, मदत करते. पीएचडी नंतरच्यांसाठी डीबीटी-वेलकम ट्रस्ट इंडिया अलायन्सनं २००८पासून दीर्घ मुदतीच्या फेलोशिप दिल्या आहेत. नियम वारंवार बदलतात, म्हणून संकेतस्थळ पाहूनच तारखा लिहा.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. लग्न, बाळंतपण, सासरचं गाव यांमुळे दोन-तीन वर्षं जातात आणि मुली कामावर परत येतच नाहीत. त्या काळात पूर्ण काम जमणार नाही, पण बरोबरीच्यांच्या गटात राहणं आणि जुन्या आकडेवारीवरचा एखादा लेख संथपणे पुढे नेणं जमतं. अर्जात तो खंड लपवू नका, बऱ्याच फेलोशिप त्याची सूट देतात.

मार्गदर्शन करणाऱ्यांसाठी थोडं

ज्येष्ठांनो, मार्गदर्शनाचे तास प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात लिहा. नाही लिहिले तर पहिला ताण पडताच तेच तास कापले जातात. नव्या माणसाला पहिल्या महिन्यात स्वतःची एक मुलाखत ऐकवा, आणि तिला गुण द्यायला सांगा. तुम्ही गुण घेता हे त्यांनी पाहिलं की ते स्वतःचं काम पुढे ठेवायला कचरत नाहीत. शिफारसपत्र मागितलं तर आधी सांगा की चांगलं देता येईल की नाही, कोमट पत्र देऊ नका.

आणि दोन-तीन वर्षं काम केलेल्यांनी पुढच्या भरतीत येणाऱ्या एका नव्या मुलाला किंवा मुलीला आपल्या गटात घ्या. पहिली पाळी तिची नको, तिसरी द्या. तोपर्यंत तिला दोन कामांवर गुण लिहू द्या, आणि गुण उघडताना तिचे आधी विचारा.